नावडतीची री

तिचं खरं नाव नोकरीच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं. घरात, गल्लीत, हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सगळे तिला री म्हणत. हे नाव तिच्या काकांनी दिलं, ती जेमतेम बोलायला लागली तेव्हा. काकांची मुलगी तिच्याहून थोड्या महिन्यांनी मोठी. एकाच घरात दोन भावांच्या दोन मुली. मोठीने पाणी मागितलं की धाकटीला तहान लागायची. मोठीने डोळे चोळले की धाकटीला झोप यायची. "ती गाणं म्हणते, ही री ओढते," काका म्हणाले, सगळे खो खो हसले आणि नाव चिकटलं. मोठ्या माणसांना नावं ठेवायला काय जातं, ती वागवावी लागतात पोरांना.

शहाणपण आल्यावर माणूस असले प्रकार सोडतो म्हणतात. रीने सोडले नाहीत. ताईला हिरवी रिबीन आवडली तेव्हा रीला जगात दुसरा रंगच दिसेना. ताईला हिरवीचा कंटाळा आला त्या दिवशी रीचीही रिबीन पलंगाखाली गेली. ताई हॉस्पिटलात चादरींच्या घड्या घालायला लागली, म्हणून री तिथेच इस्त्रीला लागली. ताईचं लग्न झालं. नवरा फिरतीच्या नोकरीचा, उंच, बोलघेवडा. त्यानंतर रीला दोन बरी स्थळं आली. एक तिला बुटका वाटला, दुसरा घुम्या. "तुला पाहिजे तरी कसा?" आईने विचारलं. री म्हणाली, "भावजींसारखा." आईने कपाळावर हात मारून घेतला. पुढे स्थळं यायची थांबली.

रीला वाईट म्हणावं तर तसंही नाही. ती कुणाचं काही चोरायची नाही. तिला फक्त ताईला हवं असलेलं हवं असायचं, आणि ते मिळालं की ते तिच्या हातात शिळं व्हायचं. पण तिच्या मनात एक इच्छा मात्र अस्सल तिची होती. आयुष्यात एकदा, एकदाच, ताईला तिच्याजवळचं काहीतरी हवंसं वाटावं. ताईने मागावं. एवढ्यासाठी ती काहीही द्यायला तयार होती. फक्त ते मागितलेलं सोडून.

हॉस्पिटलच्या वार्षिक कार्यक्रमात कर्मचाऱ्यांचं नाटक व्हायचं. बसवायचे एक्स-रे काढणारे गृहस्थ. त्यांना सगळे फोटोवाले म्हणत. "माणूस आतून कसा आहे ते मला कपड्यांवरूनही कळतं," असं ते म्हणत, आणि स्वतःच्या बायकोशी मात्र त्यांचं महिना महिना बोलणं नसायचं. त्या वर्षी त्यांनी आवडती-नावडतीची गोष्ट घेतली. आजी सांगतात तीच. राजाला दोन राण्या. साधू एकच फळ देतो. आवडती गर खाते, नावडतीला साल मिळते, आणि मूल होतं ते साल खाणारीला. आवडतीच्या नाकाला मिरच्या झोंबतात. ती बाळ पळवते, जागी दगड ठेवते आणि सांगते, हिला दगड झाला. राजा नावडतीला हाकलून देतो. शेवटी मूल सापडतं, नावडती दरबारात येऊन बोलते, आणि आवडतीला वेड लागतं.

फोटोवाल्यांनी वाचन संपवलं तशी ताई म्हणाली, "मी आवडती." रेशमी वस्त्रं, मुकुट, आरसा, सगळं आवडतीला होतं. ताई दिसायलाही तशीच होती. तिचं वाक्य संपायच्या आत री म्हणाली, "मी आवडती करते." सगळे हसले. काम ताईलाच मिळालं. रीच्या वाट्याला नावडती आली, ठिगळांचा झगा आणि पहिल्या अंकात जमीन पुसणं. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली.

तालमी बाह्यरुग्ण विभागात व्हायच्या, रोगी गेल्यावर. बाक भिंतीला सरकवायचे, वजनकाटा कोपऱ्यात ढकलायचा की झाला दरबार. राजाचं काम रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडे होतं. गाडीच्या भोंग्यावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे राजा राणीला "प्रिये" म्हणाला की वरच्या मजल्यावरून नर्स डोकावायची. असं हसतखेळत चाललं होतं. मग एकदा शेवटच्या प्रवेशाची तालीम आली आणि री नावडतीचं भाषण बोलली.

"महाराज, तुम्ही म्हणालात दगड झाला. मी दगड पदराखाली घेतला. मी दगडाला निजवलं. तो रडत नव्हता म्हणून मी त्याच्या वाटचं रडले."

हसणं थांबलं. राजासुद्धा पुढचं वाक्य हळू बोलला. रीला ते कसं जमलं याचं नवल करायचं कारण नाही. साल खाऊन जगायची तिला जन्माची सवय होती. आता पहिल्यांदा लोक त्या सालीकडे बघत होते. "कमाल," फोटोवाले म्हणाले, आणि ते सहसा कुणाला बरंसुद्धा म्हणत नसत.

रीने सहज वळून पाहिलं. ताई वजनकाट्याला टेकून उभी होती. मुकुट हातात लोंबत होता. ओठ किंचित उघडे, नजर रीच्या तोंडावर खिळलेली. तो चेहरा रीला आतून ओळखीचा होता. आयुष्यभर तो तिने स्वतः वापरला होता. ताईला काहीतरी हवं होतं. रीजवळचं.

त्या दिवसापासून रीचे पाय जमिनीला लागेनात. इस्त्री करताना ती गुणगुणायची. जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम ताईच्या शेजारी बसून विचारायची, "ताई, ते दगडाचं वाक्य तुला पाठ झालं का ग? नाही, बसल्या बसल्या तुझे ओठ हलतात म्हणून विचारलं." ताई डब्याचं झाकण लावायची. री आपली डब्यातलं चवीने खायची. गरिबाला अचानक घबाड मिळावं आणि त्याने ते दारोदार दाखवत सुटावं, तसं तिचं झालं होतं. दाखवायला तिच्याजवळ दार मात्र एकच होतं.

एका दुपारी घड्या घालणारी जोडीदारीण आली नाही, म्हणून री चादरींना ताईच्या मदतीला गेली. मोठी चादर एकटीला घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत येऊन टोकं जुळवायची. अशीच टोकं जुळवताना ताई तिच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "री, नावडती मला दे ना ग."

रीच्या छातीत धस्स झालं. आनंदाने.

"का? तुला तर मुकुट आहे."

ताईने चादर टेबलावर ठेवली. बॉयलर घरघरत होता, त्यामुळे तिला रीच्या कानाशी बोलावं लागलं. "तुझे भावजी फिरतीवर नसतात. दोन वर्षं झाली. पलीकडच्या शहरात बिऱ्हाड केलंय. बाई आहे, गेल्या साली मुलगा झाला त्यांना. माझ्या सासरी ठाऊक आहे, आपल्या घरी कुणाला नाही. मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. लोकांनी माझ्याकडे बिचारी म्हणून बघितलेलं मला चालायचं नाही. पण ते भाषण ऐकलं ना, वाटलं, हे आपण एकदा मोठ्याने बोलावं. सगळ्यांसमोर. नाटक आहे म्हटल्यावर कुणाला कळणार आहे? लोक म्हणतील, काय काम केलं बाईने. बस. एवढंच हवंय मला."

कुठल्याही बहिणीने यावर काय करावं, हे सांगायला पोथी लागत नाही. रीला वाईट वाटलंही. ताईचा हात तिने हातात घेतलाही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली दुसरंच काहीतरी उकळत होतं. ताई मागत होती. काकुळतीला येऊन मागत होती. आयुष्यभर हुलकावणी देणारा तो क्षण समोर उभा होता, आणि दिल्याबरोबर तो संपणार होता.

"नाही ग ताई," री म्हणाली. "मला आता सवय झालीय त्या कामाची."

ताईने दुसरी चादर उचलली आणि एक टोक रीच्या हातात दिलं.

इथून पुढे ताईने जे केलं ते रीला पुष्कळ उशिरा कळलं, आपल्याला आत्ताच कळायला हरकत नाही. ताईने आवडती हवीहवीशी केली. दुसऱ्या दिवसापासून मुकुट तिच्या डोक्यावरून उतरेना. चहाच्या वेळीही ती तो घालून बसायची आणि नर्सना हसवायची. फोटोवाल्यांच्या मागे लागून तिने वेड लागण्याचा प्रवेश वाढवून घेतला. "नावडती काय, रडायचं काम, कुणीही करेल," ती रीच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणायची. "खरी गंमत आवडतीच्या वेडात आहे. हे काम मी जन्मात कुणाला देणार नाही."

री पुरती फसली. दुरून डोंगर साजरे असतात, पण रीला डोंगर साजरा दिसायला दुसऱ्या कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवावं लागायचं. आठवडा उलटायच्या आत तिला नावडतीची ठिगळं टोचायला लागली. भाषण तेच, पण आता ती ते पाढे म्हटल्यासारखं म्हणू लागली. इस्त्रीखाली डॉक्टरचा एक कोट जळाला. तिच्या डोळ्यांसमोर फक्त मुकुट होता, आणि मुकुटाखाली हसणारी ताई.

खेळ तोंडावर आला असताना, भर तालमीत, ती उभी राहिली. "फोटोवाले, मला आवडती हवी."

"डोकं फिरलंय का? तिकीटवाटप झालंय."

"मला दोन्ही कामं पाठ आहेत. ताईलाही आहेत."

"मी नाही सोडणार!" ताई ओरडली. जरा जास्तच जोरात ओरडली. मुकुट तिने दोन्ही हातांनी धरला. तिच्या हिशेबाने री आता हट्टाला पेटणार होती, रडणार होती, रुसणार होती, शेवटी ताई नाइलाजाने मुकुट काढून देणार होती, आणि मोबदल्यात ठिगळांचा झगा गुपचूप तिच्याकडे येणार होता.

"त्या सोडत नाहीत. विषय संपला," फोटोवाले म्हणाले.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं लोक नंतर रीबद्दल म्हणाले. ते खरं नाही. जीभ टाळ्याला लावायच्या आधी ती क्षणभर थांबली होती. त्या क्षणात तिने ताईचे मुकुट धरलेले हात पाहिले, आणि ते सुटतील कशाने हे तिला नेमकं ठाऊक होतं.

"नावडती तिलाच द्या की," री म्हणाली. "तिला अभिनयसुद्धा करावा लागणार नाही. नवरा दोन वर्षं दुसरीपाशी नांदतोय, पोरगाही झालाय तिकडे. घरात खरी नावडती असताना माझ्यासारखी खोटी कशाला?"

ड्रायव्हर उगीचच खोकला. एका नर्सने तोंडावर हात नेला आणि त्या हाताच्या वरून डोळे ताईकडे वळवले, आणि मग सगळ्यांचेच वळले. ताई ज्याला भीत होती ते बघणं त्या डोळ्यांत आलं, बघता बघता आलं. तिने मुकुट बाकावर ठेवला. ठिगळांचा झगा उचलला.

फोटोवाले जमिनीकडे बघत होते. भला माणूस असता तर त्याने त्या संध्याकाळी तालीम बंद केली असती. पण नाटक बसवणारा माणूस भला असला तरी नाटक संपल्यावर असतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "बदला कामं. शेवटच्या प्रवेशापासून घेऊ."

खेळाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून वॉर्डातली स्टुलं आणली. रीच्या अंगावर रेशीम होतं, डोक्यावर मुकुट होता, आणि पहिला अंक संपेपर्यंत तिला त्या मुकुटाचा कंटाळा आला होता. ताईने मुकुटाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बघणारं कुणी नसलं की मुकुट म्हणजे पुठ्ठा आणि चमकी. लोक आवडतीला नाकं मुरडत होते, मुलं "हाकला तिला" म्हणून ओरडत होती. कामच तसं होतं, पण रीला ते मनाला लागत होतं.

शेवटचा प्रवेश आला. आवडतीने राजाशेजारी गप्प उभं राहायचं आणि नावडतीने बोलायचं. ठिगळांच्या झग्यात ताई पुढे आली.

"महाराज, तुम्ही म्हणालात दगड झाला."

आवाज मोठा नव्हता. सभागृहात स्टूल हलल्याचा आवाज येईल इतकी शांतता झाली. ते तिचं भाषण होतं. ताईच्या तोंडून ते असं येत होतं की तिला ते आता, याच क्षणी, तोंडात परत हवं होतं. तिचा गळा आपोआप हलला.

"मी दगड पदराखाली घेतला," ताई म्हणाली.

"...पदराखाली घेतला," री म्हणाली. मनात नव्हे. चांगली खणखणीत, अर्धा शब्द मागून.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"मी दगडाला निजवलं."

"...निजवलं."

आता मागच्या रांगाही हसल्या. राजाने रीच्या दंडाला चिमटा काढला. तिला ओठ मिटायचे होते, पण ओठ तिचे नव्हतेच कधी. ताई थांबली. हळूहळू चालत रीच्या पुढ्यात आली. इतकी जवळ, की रीला तिच्या कपाळावर फुटलेला रंग दिसला. आणि नाटकात कुठेच नसलेलं वाक्य ती बोलली.

"बाई, गर तू खाल्लास. राजा तू घेतलास. आता माझं रडणंही तुलाच हवं का?"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. विंगेत फोटोवाल्यांनी पडदा ओढणाऱ्यालाच मिठी मारली, त्यामुळे पडदा अर्ध्यावर अडकला, आणि त्या अर्ध्या पडद्याखाली री मुकुट घालून उभी होती. तिला वेड लागण्याचा वाढवून घेतलेला प्रवेश करायचा होता. तो कुणी पाहिलाच नाही.

रंग पुसायची जागा म्हणजे सलाईनचे स्टँड ठेवायची खोली. तिथे गर्दी लोटली. मेट्रन सगळ्यांच्या पुढे. तिने ताईचे दोन्ही हात धरले. "किती सोसलंस ग पोरी. आम्हाला कधी कळू दिलं नाहीस." मागून दुसरी म्हणाली, "असल्या नवऱ्याला चपलेने मारला पाहिजे." तिसरीने ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे टिपले. रांगच लागली. काम छान केलंत, असं एकीनेही म्हटलं नाही. ताई प्रत्येकीकडे बघून हसली, हात सोडवून घेत राहिली.

खोली रिकामी झाल्यावर री पुढे झाली. "ताई," ती म्हणाली, "लोक उभे राहिले ग तुझ्यासाठी."

ताई आरशात बघून रंग पुसत होती. "माझ्या नवऱ्यासाठी उभे राहिले," ती म्हणाली. "मला आवडती नकोच होती, री. दोन आठवडे तुझ्यासमोर हवी हवी म्हणून नाचले, म्हणजे तू ती मागशील आणि नावडती सोडशील. मागशील याची खात्रीच होती. अशी मागशील हे नव्हतं ठाऊक."

रीने डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला.

"एकदाच ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं दाखवून बोलायचं होतं मला. आज मी बोलले आणि सगळ्यांना मीच दिसले. नावडती कुणाला दिसलीच नाही." तिने कापसाचा बोळा टाकून दिला आणि वळली. आवाज अगदी साधा होता, चादरी मोजताना असायचा तसा. "आता एक ऐक. यापुढे तुझ्यासमोर मला काही आवडणार नाही. आवडलं तरी तुला दिसणार नाही. बघू, तू कशावर जगतेस."

रीला वाटलं, रागाने बोलली, उतरेल. ताईने ते अक्षरशः पाळलं. तिने दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात नोकरी धरली. घरच्या कार्यांना यायची, सगळ्यांशी हसून बोलायची, रीशीही. काकू विचारायची, "चहा घेतेस की सरबत?" ताई म्हणायची, "काहीही." साडी कशी आहे? बरी आहे. जेवण? ठीक आहे. तिचा चेहरा रीच्या दिशेला आला की धुऊन इस्त्री केल्यासारखा कोरा व्हायचा. री त्या चेहऱ्याकडे टक लावून बसायची. समोरचं सरबत तसंच राहायचं.

मग बाकीच्या गोष्टीही थांबत गेल्या. दुकानदार तिच्यापुढे कापडांचा ढीग टाकायचा आणि ती हात न लावता परत यायची. एक स्थळ आलं, उतारवयातलं, बायको वारलेला, साधा माणूस. "कसा वाटला?" आईने विचारलं. री म्हणाली, "ताईला विचारलंस?" आईने विचारलंही. ताईचा निरोप आला, मला काहीच वाटलं नाही. रीलाही वाटलं नाही. माणूस चहा पिऊन गेला तो गेला.

पुढच्या वर्षी फोटोवाल्यांनी नवीन नाटक काढलं. मागच्या खेळातला हशा ते केव्हाच विसरले होते. उलट त्या वाक्याचं श्रेय आता ते स्वतः घेत. वाचनाच्या दिवशी त्यांनी रीला सगळ्यांच्या आधी बोलावून घेतलं. बाह्यरुग्ण विभागात अजून कुणी आलेलं नव्हतं.

"सासू आहे, सून आहे, एक भूत आहे," ते म्हणाले. "तुम्ही जुन्या आहात, पहिला मान तुमचा. बोला, कुठलं काम हवं?"

रीने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. एकदा, दोनदा. फोटोवाले वाट बघत होते.

"आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारा ना," ती म्हणाली. "म्हणजे मला कळेल."